दसरा थांबत नाही

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. विषय निवडणूक, कोर्ट आणि युत्यांचा आहे, तेव्हा ज्यांना राजकारणाचा कंटाळा आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं, अजिबात राग नाही. आमच्या नातेवाईकांपैकी जे हे वाचतात त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. त्या दिवशी जेवताना मला बोलू दिलं नाहीत, म्हणून इथे लिहावं लागतंय. :)

तर झालं असं, की लालबागला मामांकडे सगळे जमलो होतो. मामांच्या घरात चार माणसं जमली की विषय एकच, खरी शिवसेना कुणाची. मामा आणि थोरला मामेभाऊ वर्षानुवर्षं एकाच शाखेत जायचे, दसऱ्याला एकत्र शिवाजी पार्कात जायचे. २०२२ च्या दसऱ्याला मामा शिवाजी पार्कात होते आणि मामेभाऊ बीकेसीच्या मैदानावर. रात्री घरी आल्यावर दोघांनी एकमेकांना सोनं दिलं, पण बोलले नाहीत. हे मामीने मला फोनवर सांगितलं होतं.

यावेळी ठिणगी पडली ती मामांच्या एका वाक्याने. "निकालानंतर युत्या करायला कोर्टाने बंदीच घातली पाहिजे. मतं एकाच्या नावाने मागायची आणि बसायचं दुसऱ्याच्या मांडीवर!"

मामेभाऊ म्हणाला, "अण्णा, तेच तर आम्ही २०२२ ला दुरुस्त केलं."

"ती दुरुस्ती? कोर्टाने तुम्हाला तेव्हाच घरी पाठवायला हवं होतं!"

मी म्हटलं, "मामा, पण कोर्टाचा खरा दोष तो नाहीच..."

"तू थांब गं. गिरगावात बसून तुला काय कळणार!"

थांबले. आता बोलते.

आधी मामांची बाजू. ती खोटी नाही. आमची आत्या दादरला राहते, माहीम मतदारसंघात. २१ ऑक्टोबर २०१९ ला ती मतदान केंद्रात गेली, एक बटण दाबलं आणि घरी आली. ते बटण धनुष्यबाणाचं होतं. समोर उमेदवार सदा सरवणकर, पाठीशी शिवसेना आणि भाजपची युती. महिना उलटला नाही तोच तिचं मत राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या सोबत महाविकास आघाडीत जाऊन बसलं. अडीच वर्षांनी, जून २०२२ मध्ये, सरवणकर एकनाथ शिंदेंच्या गटात गेले आणि आत्याचं मत पुन्हा भाजपसोबत सत्तेत आलं. आत्या मात्र मध्ये एकदाही मतदान केंद्रात गेली नव्हती. एक मत, एक आमदार, सत्तेतल्या जोड्या मात्र बदलत्या. मामांना चीड येते ती याची, आणि यायलाच पाहिजे.

दुखणं खरं आहे. पण मामा जे औषध सांगतात ते चुकीचं आहे.

निकालानंतरची युती कोर्टाने बंद करायची म्हणजे काय करायचं? २०१९ चे आकडे आठवा. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. बहुमताला लागतात १४५. भाजप आणि सेनेचं मुख्यमंत्रिपदावरून फाटलं. अशा वेळी कुणी कुणाशी हातमिळवणीच करायची नाही, असं ठरलं तर सरकार येणार कुठून? पुन्हा निवडणूक, पुन्हा तसेच आकडे, मध्ये राष्ट्रपती राजवट. म्हणजे मत फिरू नये म्हणून मताला किंमतच ठेवायची नाही!

बरं, निकालानंतरच्या युत्यांचा राग आपल्याला तरी नेहमी येतो का? १९९९ ला काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढले आणि निकालानंतर दोघांनी मिळून विलासराव देशमुखांचं सरकार केलं. २०१४ ला भाजप आणि शिवसेना स्वतंत्र लढले. निकालानंतर शिवसेना आधी विरोधी बाकांवर बसली. विरोधी पक्षनेते कोण होते? एकनाथ शिंदे! आणि डिसेंबर उजाडताच तीच शिवसेना सत्तेत गेली. तेव्हा मामांनी पेढे वाटले होते, गद्दारी हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. ज्या युतीत आपला पक्ष ती जनतेची इच्छा, आणि ज्या युतीत आपला पक्ष नाही तो जनतेचा विश्वासघात, हा आपल्या सगळ्यांचाच न्याय आहे. मामेभावाचाही. माझाही असेल, मला दिसत नसेल.

२०१९ मध्ये मामांच्या मनातली मागणी खरंच सर्वोच्च न्यायालयात गेली होती. शिवाजी पार्कात २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकऱ्यांचा शपथविधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी, २९ नोव्हेंबरला, न्यायालयाने निवडणुकीनंतरच्या आघाडीविरुद्धची याचिका फेटाळली. कुणी कुणाशी युती करावी हे राजकीय पक्षांनी ठरवायचं, त्यात आम्ही पडणार नाही, घटनात्मक नैतिकता वेगळी आणि राजकीय नैतिकता वेगळी, असा त्याचा सारांश. सरकारिया आयोगानेही राज्यपालांनी कुणाला आधी बोलवावं याचा जो क्रम दिला, त्यात निवडणूकपूर्व युतीला पहिलं स्थान आहे, पण निवडणुकीनंतरच्या आघाडीलाही जागा आहे. माझ्या मते न्यायालय बरोबर होतं. कोण कुणाच्या मांडीवर बसलं हे पाहायला न्यायाधीश नेमलेले नाहीत. ते मतदाराने पाहायचं. मतदार ते पाहतोच असंही नाही. नायगाव आणि वडाळ्याचे कालिदास कोळंबकर शिवसेना, काँग्रेस आणि भाजप अशा तिन्ही पक्षांतर्फे निवडून आलेले आहेत. तिथल्या लोकांना चाललं, विषय संपला. लोकांना जे चालतं ते कोर्टाने का थांबवायचं?

मग कोर्टाकडून मागायचं काय? मी फक्त एक गोष्ट मागते. वेळ. निकाल काय द्यायचा तो द्या, मामांच्या बाजूने द्या नाहीतर मामेभावाच्या बाजूने द्या. पण ज्या खुर्चीचं भांडण आहे त्या खुर्चीची मुदत संपायच्या आत द्या. बाकी सगळं मी सोडून द्यायला तयार आहे.

आणि हे कोर्टाला जमत नाही असं मला कुणी सांगू नये. त्याच २०२२ च्या दसऱ्याची गोष्ट घ्या. शिवाजी पार्क कुणाला, हे भांडण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. दोन्ही गटांनी मैदान मागितलं, पालिकेने कायदा आणि सुव्यवस्थेचं कारण सांगून दोघांनाही नाही म्हटलं. सरवणकरही त्या प्रकरणात आपलं म्हणणं घेऊन गेले होते. दसरा होता ५ ऑक्टोबरला. उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबरला निकाल दिला, सरवणकरांचा अर्ज फेटाळला आणि मैदान ठाकरे गटाला मिळालं. तेव्हा न्यायालयाने असं म्हटलं नाही की प्रश्न गुंतागुंतीचा आहे, पुढच्या वर्षी बघू. कारण दसरा थांबत नाही. दसऱ्यानंतर मिळालेल्या मैदानावर काय गवत मोजायचं?

मला एवढंच विचारायचंय. मैदानाच्या निकालाला दसऱ्याआधी यावं लागतं हे ज्यांना कळतं, त्यांना विधानसभेच्या निकालाला मुदतीआधी यावं लागतं हे का कळू नये? पाच वर्षांची मुदत हासुद्धा दसराच आहे. तोही थांबत नाही.

हे काही नवीन दुखणं नाही. आमच्याच दादरचं जुनं प्रकरण आहे. फेब्रुवारी १९९० ची विधानसभा निवडणूक, उमेदवार मनोहर जोशी. २४ फेब्रुवारीच्या शिवाजी पार्कच्या सभेत पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल, असं ते बोलल्याचा आरोप झाला. धर्माच्या नावावर मतं मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाखाली भ्रष्ट आचार आहे, म्हणून नितीन भाऊराव पाटील यांनी निवडणूक याचिका केली. उच्च न्यायालयाने जोशींची निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल लागला ११ डिसेंबर १९९५ ला. न्यायालय म्हणालं, हे विधान कितीही तिरस्करणीय असलं तरी ती धर्माच्या नावावर मतं मागणी होत नाही, फार तर एक आशा व्यक्त केली असं होईल. जोशी जिंकले.

तो निकाल बरोबर की चूक यावर आजवर पुष्कळ लिहून झालंय, मी त्यात शिरत नाही. मी फक्त तारखा बघते. ज्या निवडणुकीचं भांडण होतं ती विधानसभा १९९५ च्या सुरुवातीलाच संपली होती. दुसरी निवडणूक झाली होती. जोशी दादरमधून पुन्हा निवडून येऊन मार्चपासून मुख्यमंत्री होते. समजा त्या डिसेंबरात निकाल उलटा लागला असता, तर रद्द काय झालं असतं? १९९० ची, कधीच संपून गेलेली आमदारकी! म्हणजे निवड खरोखर अवैध असती तरी ती व्यक्ती पूर्ण मुदत सभागृहात बसून उठली होती. आणि निवड वैध असेल, जशी ती शेवटी ठरली, तर एका निवडून आलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण पाच वर्षं टांगती तलवार ठेवली. दोन्हीकडून अन्यायच.

त्याच दिवशी, त्याच न्यायालयाने पार्ल्याच्या प्रकरणातही निकाल दिला. डिसेंबर १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, विजयी उमेदवार डॉ. रमेश प्रभू, विरोधात प्रभाकर कुंटे. इथे उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवड रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. कधी? आठ वर्षांनी. भाषणं बाळासाहेब ठाकऱ्यांची होती, त्यामुळे त्यांचाही मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पण त्याचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला जुलै १९९९ मध्ये आणि सहा वर्षं मोजली ११ डिसेंबर १९९५ पासून! शिक्षा सहा वर्षांची, त्यातली साडेतीन वर्षं कागद फिरण्यातच गेली. मध्ये १९९६ आणि १९९८ अशा लोकसभेच्या दोन निवडणुका होऊन गेल्या.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत दाखल करायची. कुणीही मतदार करू शकतो, उमेदवारच हवा असं नाही. उच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा. अपील झालंच तर सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत. हे सगळं कायद्यातच लिहिलेलं आहे. अपील करायचा अवधी धरला तरी सगळं मिळून साधारण वर्षाचा हिशेब. दादरला पावणेसहा वर्षं लागली, पार्ल्याला आठ.

यातली मेख बघा. तुम्ही आम्ही ४६ व्या दिवशी गेलो तर याचिका दारातूनच परत. तिथे सबब चालत नाही, आजारी होतो म्हणून चालत नाही, वकील मिळाला नाही म्हणून चालत नाही. आमची मुदत म्हणजे लोखंडी दांडा. आणि न्यायालयाची मुदत म्हणजे 'प्रयत्न करावा'. उच्च न्यायालयाला लागून राजाबाई टॉवर उभा आहे, त्याचं घड्याळ ओव्हलवर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनासुद्धा दिसतं. आतल्या लोकांना ते दिसत नसावं.

कुणी म्हणेल, काकू, त्या जुन्या गोष्टी. ठीक आहे, नव्या घेऊ.

२३ नोव्हेंबर २०१९. पहाटे पावणेसहाच्या सुमारास राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही सर्वोच्च न्यायालय बसलं. मंगळवारी, २६ तारखेला, आदेश निघाला: उद्या संध्याकाळी पाचच्या आत बहुमत सिद्ध करा, मतदान उघड, थेट प्रक्षेपणासह. हंगामी अध्यक्ष म्हणून आमचे कोळंबकर बसले. मतदानाची वेळच आली नाही, फडणवीसांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, ते काम चोख झालं. न्यायालयाने कुणाला खरं म्हटलं नाही, खोटं म्हटलं नाही. युती पवित्र की अपवित्र हेही सांगितलं नाही. फक्त वेळ लावून दिली, आणि तेवढ्याने प्रश्न सुटला.

आता जून २०२२. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने शिंदे गटातल्या आमदारांना अपात्रतेच्या नोटिशीला उत्तर द्यायला १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली. २९ जूनच्या रात्री त्याच न्यायालयाने दुसऱ्या दिवशीची बहुमत चाचणी थांबवायला नकार दिला. म्हणजे हे आमदार पात्र की अपात्र हे नंतर ठरेल, पण त्यांचं मत आधी मोजू. ठाकऱ्यांनी त्याच रात्री राजीनामा दिला, ३० तारखेला शिंदे मुख्यमंत्री झाले.

मग निकाल कधी? घटनापीठाचा निकाल ११ मे २०२३ ला. त्यात काय निघालं? राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं. विधानसभा अध्यक्षांनी भरत गोगावल्यांना प्रतोद म्हणून मान्यता देणं बेकायदा होतं. पण ठाकऱ्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. आणि अपात्रतेचं अध्यक्षांनी 'वाजवी वेळेत' ठरवावं. मामेभाऊ म्हणतो, ठाकऱ्यांनी राजीनामा द्यायलाच नको होता. कायद्याने तो बरोबर बोलतोय. पण दहा महिन्यांनी 'ते चुकलंच होतं' असं सांगणं, हा निकाल झाला की इतिहासाचा पेपर?

वाजवी वेळेचंही ऐका. अध्यक्ष राहुल नार्वेकर, म्हणजे आमच्या शेजारच्या कुलाब्याचे आमदार. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच सांगून ठेवलं होतं की अपवादात्मक कारण नसेल तर असा निर्णय तीन महिन्यांत व्हावा. इथे न्यायालयाला अध्यक्षांचे कान उपटावे लागले, ३१ डिसेंबर २०२३ ची तारीख ठरवून द्यावी लागली, तीही दहा दिवसांनी वाढवून द्यावी लागली. १० जानेवारी २०२४ ला निर्णय आला: शिंदेंची शिवसेना खरी, आणि अपात्र कुणीच नाही. ना इकडचे, ना तिकडचे. दीड वर्षांनी! त्याला आव्हान दिलं गेलं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ती विधानसभाच संपली, नवी निवडणूक झाली, आणि तोवर त्या आव्हानाचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागलेला नव्हता. ज्यांच्या आमदारकीचं भांडण, त्यांनी आमदारकी, मंत्रिपदं, मुख्यमंत्रिपद सगळं पूर्ण मुदतभर भोगलं. ते निर्दोष असतील. असतीलही! पण मग तसं वेळेत सांगा ना, मामांचं डोकं तरी शांत होईल.

राष्ट्रवादीतही तेच. चिन्ह अजित पवार गटाकडे गेलं, वाद न्यायालयात गेला, आणि मार्च २०२४ मध्ये अंतरिम आदेश आला की चिन्हाचा वाद न्यायप्रविष्ट आहे असं त्या गटाने जाहिरातीत छापावं. म्हणजे घड्याळाच्या भांडणात मतदाराच्या हातात काय पडलं, तर जाहिरातीखालची एक बारीक ओळ.

पालिकेचं तर विचारूच नका. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षण, दोन्ही कोर्टात. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढा म्हणून सांगितलं, नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वेळ वाढवून दिला, आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं गिरगावात, परळला, लालबागला गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे? नगरसेवकच नाही. आरक्षणाचा प्रश्न मोठा होता, मान्य. पण तो सुटेपर्यंत मतदानच नाही, ही कुठली रीत?

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण अर्धे मेहुण्यांनी जेवतानाच काढले.

पहिला, घाईत न्याय होत नाही. साक्षी असतात, पुरावे असतात. बरोबर. भाषणांच्या कॅसेटी, साक्षीदार, उलटतपासणी, याला वेळ लागतो. म्हणूनच कायद्याने दोन दिवस दिलेले नाहीत, सहा महिने दिलेत. शिवाय २०२२ च्या प्रकरणात कोणते साक्षीदार शोधायला रानात जायचं होतं? सगळं टीव्हीवर घडलेलं. सुरत, गुवाहाटी, गोवा, हॉटेलांची नावंसुद्धा आमच्या मामीला पाठ.

दुसरा, अध्यक्ष हे घटनात्मक पद, त्यांच्या कामात न्यायालयाने ढवळाढवळ करू नये. हेही अर्धं मान्य. निर्णय त्यांनीच द्यावा. पण तीन महिने होऊन गेले तर? मार्च २०२० मध्ये त्याच मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांच्या वेळकाढूपणाला कंटाळून एका मंत्र्याला मंत्रिपदावरून दूर केलं होतं आणि सभागृहात जायलाही बंदी केली होती. मणिपूरला जे जमलं ते मुंबईला का जमू नये?

तिसरा, आणि हा सगळ्या पुढाऱ्यांचा लाडका, की शेवटी निकाल जनतेच्या न्यायालयात लागतो. हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जनतेच्या न्यायालयाचा निकाल काय लागला? मे-जून २०२४ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत अरविंद सावंत आणि दक्षिण मध्य मुंबईत अनिल देसाई, दोन्ही ठाकरे गटाचे, शिंदे गटाला हरवून निवडून आले. मामांनी फटाके लावले. सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीला राज्यात प्रचंड बहुमत मिळालं. मामेभावाने फटाके लावले. आणि आत्याच्या माहीममध्ये सरवणकर आणि अमित ठाकरे दोघंही पडले, ठाकरे गटाचे महेश सावंत १,३१६ मतांनी आले. सांगा आता, २०२२ चा निकाल काय लागला? जनता पुढच्या पाच वर्षांचं ठरवते. मागच्या पाच वर्षांत तिच्या मताचं काय झालं, ते कायद्यात बसत होतं का, हे ती ठरवू शकत नाही. ते ठरवायला कोर्ट असतं. जनतेच्या गळ्यात ते काम घालणं म्हणजे चोरी झाल्यावर पोलिसाने 'नवीन कुलूप घ्या' म्हणून सांगण्यासारखं आहे.

मग माझं मागणं काय? तीन साध्या गोष्टी.

एक, निवडणूक याचिकेचे सहा आणि तीन महिने हे 'प्रयत्न करावा' न ठेवता बंधनकारक करा. त्यासाठी प्रत्येक निवडणुकीनंतर उच्च न्यायालयात काही न्यायाधीश दुसरं काम काढून घेऊन याच कामाला बसवा.

दोन, अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी तीन महिन्यांत दिला नाही, तर तो येईपर्यंत त्या आमदाराला मंत्रिपद नाही. खोट्या याचिका टाकून कुणीही मंत्री अडवेल, असं म्हणाल. नाही अडवणार. अध्यक्षांनी वेळेत निर्णय दिला की अडचणच नाही. आणि अध्यक्ष बहुतेक वेळा सत्ताधाऱ्यांचेच असतात, तेव्हा घाई त्यांनाच होईल. बघा कसे पटापट निर्णय येतात.

तीन, ज्याच्या पात्रतेवर वाद आहे त्याच्याच मतावर सरकार पडणार किंवा उभं राहणार असेल, तर आधी पात्रता, मग मोजणी. गरज पडली तर रविवारी बसा. २०१९ ला बसला होतात.

यात युतीवर बंदी नाही. मामांना हे आवडणार नाही, पण निकालानंतर कुणी कुणाशी जुळवून घ्यावं याचं मला काही वाटत नाही. अख्खे पक्ष उघडपणे एकत्र आले तर त्यांना दिवसाढवळ्या विचारता येतं, का रे बाबा, असं का केलंस. राग आहे तो, प्रश्न विचारला की 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' असं उत्तर मिळण्याचा. पाच वर्षं न्यायप्रविष्ट, आणि मग नवीन निवडणूक. लोकांना कळतंच नाही की आपल्या मताचं जे झालं ते नियमाने झालं की नियम मोडून. मग प्रत्येक जण आपापल्या घरात आपापला निकाल लावतो. मामांनी लावला, मामेभावाने लावला, आणि एका घरातली दोन माणसं दसऱ्याला दोन मैदानांत जाऊन बसली.

त्या दिवशी शेवटी मामी ताक वाढताना म्हणाली, "कोर्टाने काय ते एकदा सांगून टाकलं असतं ना, कुणाच्याही बाजूने, तर या दोघांपैकी एक जण तरी गप्प बसला असता." मामा आणि मामेभाऊ दोघंही एकदम म्हणाले, "तो!"

असो. प्रतिक्रिया कळवा. शिव्या द्यायच्या असतील तर मामांसारख्या मोठ्यांदा द्या, मनात ठेवू नका.

ता. क. : मामा, हे वाचलंत तर फोन करा. पण रागात असाल तर आधी मामीला करू द्या.